पाळकीणबाईंना कुंपण नाही

"पार्सोनेजचे पडदे बदलले बघ."

कुंपणाशी आल्या आल्या मावशींनी ही बातमी दिली. पार्सोनेज म्हणजे पाळकाला राहायला दिलेलं चर्चचं घर. ना चहा झाला का, ना पाणी आलं का. माझ्या हातात दुधाची पिशवी, त्यांच्या हातात मेथीची जुडी.

"कुणी बदलले? नव्या पाळकीणबाईंनी?"

"मग काय बिशप येऊन बदलणार? आधीचे पिवळे होते. महिला संघानं वर्गणी काढून शिवून घेतलेले. चांगले दणकट होते. ही बाई येऊन महिना नाही झाला, तर ते उतरवून निळे लावले. आता रविवारी उपासना सुटल्यावर उपदेश कशावर झाला ते कुणाला सांगता यायचं नाही, पण पडदे सगळ्यांना पाठ असतील."

मावशी आमच्या शेजारी. मिशनच्या एका शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. आमच्या मधे तारेचं कुंपण, त्यावर कृष्णकमळाचा वेल, आणि एक शेवगा. बुंधा त्यांच्याकडे, निम्म्या शेंगा माझ्याकडे. माझ्या घरी गणपती बसतो, त्यांच्या घरी नाताळचा तारा लागतो, आणि करंज्या दोन्ही वेळेला याच तारेवरून इकडून तिकडे जातात. चर्चच्या जगाबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं या तारेवरून आलेलं. वाचकांनी त्याला तेवढीच किंमत द्यावी. माझ्या मते ती बरीच आहे.

आमच्या नगरला (सरकारदरबारी 2024 पासून अहिल्यानगर, पण कुंपणावर अजून नगरच) पाळक नि पाळकीण, म्हणजे चर्चचे धर्मगुरू नि त्यांची बायको, यांचं कुणाला अप्रूप नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथं 1831 साली आली. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 साली इथूनच निघालं. शहरात ख्रिस्ती गल्ली आहे, ह्यूम मेमोरियल चर्च आहे, मिशनच्या शाळांत शिकलेले हिंदू-मुसलमान तर घरोघर सापडतील. त्यामुळे पाळकाची बदली झाली, ट्रक आला, सामान उतरलं, की ती बातमी एका चर्चच्या मंडळीची राहत नाही.

या वेळी ट्रक आला तेव्हा महिला संघाच्या चौघीजणी चहा-पोहे घेऊन पार्सोनेजच्या ओट्यावर हजर होत्या. स्वागताला. मावशी त्यात नव्हत्या, पण त्यांना सगळं माहीत होतं. पाळकसाहेबांच्या पुस्तकांची खोकी किती, फ्रिज किती दारांचा, गॅसची शेगडी पुसलेली होती की नव्हती.

"आणि पेटी नव्हती," मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

"कसली पेटी?"

"वाजवायची. आधीच्या बाई पेटी वाजवायच्या, गळाही गोड. रेव्हरंड टिळकांची गाणी अशी म्हणायच्या की म्हातारे रुमाल काढायचे. हिला पेटी येत नाही. गाताही येत नाही. परवा पहिलंच गीत उचललं ते वरच्या पट्टीत. निम्मी मंडळी मध्येच गप्प."

तक्रारींची यादी एवढ्यावर थांबत नव्हती. बाई नर्स आहेत, ड्युटीवर जातात, दुपारी पार्सोनेजला कुलूप असतं. कुणी आजाऱ्यासाठी प्रार्थनेचा निरोप घेऊन गेलं तर दार उघडायला माणूस नाही. स्कूटी चालवतात. काळी पोत आहे, तिच्यात क्रूसही आहे, पण तो इतका बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मुलगा शब्बाथशाळेत बाकाखाली शिरतो. आणि पाळकाचा मुलगा बाकाखाली शिरला तर तो खेळ नसतो, ती मंडळीच्या भवितव्याची चिन्हं असतात.

मी म्हटलं, "मावशी, तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हीपण त्यातल्याच का?"

मेथी निवडायची थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पाळकाची मुलगी आहे गं. मी त्यातली कशी असेन? मी नुसतं सांगतेय."

आता हे 'नुसतं सांगणं' काय असतं ते कुंपणाला कुंपण लागून असलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको. पण त्या दिवशी मावशी पडद्यांवरून निघाल्या आणि त्यांच्या आईपर्यंत जाऊन पोचल्या.

मावशींचे वडील खेड्यांवरचे पाळक. गोदावरीच्या बाजूची गावं, तीन-चार वर्षं इथं, मग बदली, मग तिथं. पगार तुटपुंजा. त्याला जोड म्हणजे मुठीचं धान्य. मंडळीतल्या बायका भाकरीचं पीठ काढायच्या आधी मूठभर ज्वारी-बाजरी देवाच्या नावानं वेगळ्या मडक्यात टाकायच्या, आणि शनिवारी ते मडकं पाळकाच्या घरी रितं व्हायचं. ते धान्य निवडणं, पाखडणं, थोडं ठेवून बाकीचं विकून चर्चच्या हिशेबात पैसे लावणं हे काम आईचं. कुणाच्या मडक्यात या आठवड्याला कमी आलं हे तिच्याच हाताला कळायचं. कमी आलं म्हणजे त्या घरी काहीतरी बिनसलं, कुणी आजारी आहे किंवा नवऱ्यानं दारूला धान्य विकलंय. दुसऱ्या दिवशी आई काहीतरी निमित्त काढून त्या घरी जाऊन बसायची.

"साहेबांच्या कामाची निदान यादी असते," मावशी म्हणाल्या. "रविवारची उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, लग्नं, मयती. आईच्या कामाची यादीच नव्हती, म्हणून ते कधी संपायचंही नाही. शब्बाथशाळा तिची. बायकांची सभा तिची. नाताळचं नाटक बसवायचं, मेंढपाळांना धोतरं नेसवायची, देवदूतांचे पंख पुठ्ठ्याचे करायचे. गव्हाणीसाठी कडबा आणायचा. कुणी बाळंत झाली की आई. कुणी गेलं की बायकांमध्ये बसायला आई, आणि बाईमाणूस गेलेलं असलं तर आंघोळ घालून पांढरं नेसवायलाही आई. 72च्या दुष्काळात चर्चच्या आवारात सुकडी नि दुधाची पावडर वाटली जायची, तेव्हा रांगेत भांडणं. रांग लावायला कोण? आई. जात बघायची नाही, ओळख बघायची नाही, पुढं घुसला की कान धरून मागं. पाटलाच्या माणसाचा पण धरलाय."

"आणि त्याचे पैसे?"

"कशाचे?"

"या कामाचे."

मावशी एवढ्या हसल्या की मेथीची पानं खाली सांडली.

मग त्यांनी लिंबोणीचं सांगितलं. आई ज्या पार्सोनेजमध्ये जाईल तिथं मागच्या दारी लिंबोणी लावायची. लिंबोणीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, बदली त्याच्या आधी यायची. त्यामुळे आईनं लावलेल्या झाडांची लिंबं कायम पुढच्या पाळकीणबाईंनी खाल्ली. "आम्ही तरी काय, आधीच्या बाईचा कढीपत्ता ओरबाडायचोच की," म्हणाल्या. वडील रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात एक वडीलधारे म्हणाले, साहेबांच्या मागं त्यांच्या सौभाग्यवती खंबीरपणे उभ्या होत्या. आई शेजारच्या बाईला म्हणाली, उभी कुठली, मला बसायलाच कुणी दिलं नाही. घड्याळ टांगायला त्यांच्याकडे भिंत नव्हती. पार्सोनेज महिन्याभरात सोडायचं होतं आणि आयुष्यभर चर्चच्या घरात राहिलेल्या माणसांचं स्वतःचं घर कुठून असणार? मोठ्या भावाच्या दोन खोल्यांत ते घड्याळ कपाटावर आडवं पडून टिकटिकत राहिलं.

पगार नाही, घर नाही, हे सगळं ऐकून मला वाटलं, हीच ती खरी तक्रार. पण मावशींच्या मते नाही.

"पैशाचं काय गं, कुणाला मिळत होते? आईचा खरा जाच वेगळा होता. तिला बोलायला कुणी नव्हतं."

"एवढी माणसं यायची की घरी."

"यायची, पण सांगायला. ऐकायला नाही. अख्ख्या गावच्या बायका तिच्यापाशी येऊन मन मोकळं करायच्या. कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली. हे सगळं आईच्या पोटात. ते ती वडिलांनाही सांगायची नाही, कारण त्यांनी रविवारी उपदेशात चुकून जरी त्या विषयाला हात घातला तर बाईला वाटणार, फुटलं. आणि स्वतःचं सांगायचं तर कुणाला? मंडळीतल्या एकीशी जरा जास्त बोललं की दुसरीच्या कपाळाला आठी. महिनाभरात दोन गट. तू नि मी इथं उभ्या राहून जे करतो ना, तेवढं तिला कधी करता आलं नाही."

हे मला अगदीच नवीन होतं. जिच्याबद्दल सगळा गाव बोलतो, तिला स्वतःला कुणाबद्दल बोलायची सोय नाही. एका अर्थी ही शिक्षाच. आपल्याकडे बायकांनी काय काय सोसलं याच्या याद्या पुष्कळ झाल्यात, पण चहाड्या करता न येण्याचं दुःख कुणी मांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

"मग त्या करायच्या तरी काय?"

"कासारीण यायची. मुसलमान होती, बाजारच्या गावाहून यायची बांगड्यांची लगड घेऊन. ती आली की आई आतून कडी लावायची. एका हातात बांगड्या भरायला कितीसा वेळ लागतो? तासभर दार उघडायचं नाही. आतून हसण्याचे आवाज. कधी रडण्याचेपण. मंडळीत बभ्रा झाला, पाळकीणबाईंना बांगड्यांचा फार सोस. आईनं तो तसाच राहू दिला."

मावशी आत जाऊन चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक मला दिला आणि गाडी लक्ष्मीबाई टिळकांवर नेली. मराठीच्या बाई असल्यामुळे त्यांची गाडी त्या स्टेशनावर थांबतेच. माझ्या डोक्यात लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' म्हणजे शाळेतला धडा, खाली स्वाध्याय. मावशींच्या लेखी तो पाळकाच्या बायकोनं केलेला सर्वांत मोठा पराक्रम.

"बघ ना," म्हणाल्या, "नारायण वामन टिळकांनी 1895 सालच्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नाही की सांगितलं नाही. ती इकडे सोवळ्याओवळ्यातली, जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, अकरा-बारा वर्षांची असताना लग्न झालेलं. चार-पाच वर्षं ताटातूट. मग ती आली, नवऱ्याकडे राहिली, स्वतःची चूल वेगळी ठेवली, आणि 1900 साली स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून नव्हे. स्वतःला पटल्यावर. आणि मग काय, पाळकीण. टिळक कवी, साधू, सगळं काही, पण संसाराला काडीचे उपयोगी नाहीत. हातात पैसा टिकायचा नाही. वाटेत कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा, नाहीतर त्यालाच घरी जेवायला. अनाथ पोरं घरात आणून ठेवायची. प्लेगमध्ये इथं नगरात आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसायचं. हे सगळं निभवायचं बाईनं."

"आणि तिनंही ते सोसलं."

"सोसलं ना, पण गप्प नाही बसली!" मावशींनी कप तारेच्या खांबावर आपटला. "टिळक 1919 साली गेले. 1934 पासून बाईंनी चार भागांत पुस्तक काढलं आणि नवऱ्याचं सगळं सांगितलं. त्यांचा राग, त्यांचा वेंधळेपणा, त्यांचा भाबडेपणा, आणि स्वतःचापण. एवढं हसत हसत की वाचणाऱ्याला राग येत नाही. साधू म्हणून ज्याला लोकांनी देव्हाऱ्यात बसवलेलं, त्याला तिनं धोतर नीट नेसवून माणसांत आणून बसवलं. माझ्या आईला एक कासारीण पुरली. लक्ष्मीबाईंनी अख्खा महाराष्ट्र कुंपणाशी बोलावला."

मी मान डोलावली. हे खरंच होतं. आपण त्या पुस्तकाला आत्मचरित्राचा मानदंड वगैरे म्हणून काचेच्या कपाटात ठेवतो, पण त्याची गोडी कुंपणावरच्या बोलण्याचीच आहे. समीक्षकांना हे आवडायचं नाही. त्यांना कुंपण नसतं.

"आणि ते 'ख्रिस्तायन' काव्य विसरू नकोस," मावशी म्हणाल्या. "टिळकांनी सुरू केलं नि दहा-अकरा अध्यायांवर सोडून ते गेले. पुढचे 64 बाईंनी लिहिले. लग्न झालं तेव्हा जिला धड अक्षरओळख नव्हती तिनं. मुखपृष्ठावर पहिलं नाव कुणाचं ते तूच ओळख."

नावावरून मावशी मुंबईला गेल्या. गिरगाव चौपाटीच्या समोरचं विल्सन कॉलेज सगळ्यांना माहीत. ते रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या नावाचं. हे स्कॉटलंडचे मिशनरी 1829 साली बायकोसकट मुंबईत आले. बायको मार्गारेट. त्या बाई मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या. मुली शाळेत पाठवा म्हणून घरोघर फिरायचं ते दिवस, त्या काळी मुलीच्या हातात पाटी म्हणजे अशुभ. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपला जन्म 1832 सालचा, मार्गारेट विल्सनबाईंच्या हातचा म्हणून सांगते. 1835 साली बाई मुंबईतच वारल्या, येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुढं त्यांच्या बहिणी इकडे आल्या आणि काम चालू ठेवलं.

"म्हणजे बघ," मावशींनी हिशेब मांडला, "कॉलेजला नवऱ्याचं नाव, शाळेला संताचं नाव. बाईचं नाव कुठाय?"

"थडग्यावर असेल."

"तिथंसुद्धा कुणाची तरी बायको म्हणूनच असणार."

कॅथलिकांकडे हा प्रश्नच येत नाही, असं मी मध्येच म्हणून पाहिलं. फादर एकटे. "हो, आणि त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाक्याला पगार असतो," मावशी म्हणाल्या. "लग्न केलं की तोच स्वयंपाक फुकट." मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचं, मात्र त्यांना कौतुक. आमच्या नगरात मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल आहे, त्यामुळे त्यांचे गणवेशातले ऑफिसर इथं सगळ्यांच्या पाहण्यातले. त्यांच्यात नवराबायको दोघांनीही प्रशिक्षण घ्यायचं, दोघांनाही हुद्दा, दोघांच्याही खांद्यावर पट्ट्या. बाई मागं उभी नसते, शेजारी उभी असते. "निदान कपडे तरी सारखे," असं मावशींचं मत.

आणि मग त्यांचा आवडता मुद्दा. त्यांच्या चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, आता बायकाही पाळक होऊ शकतात. हे चर्च 1970 साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन झालं आणि पुढं काही वर्षांनी बायकांना दीक्षेचं दार उघडलं. मावशींच्या ओळखीत अशा एक पाळकबाई आहेत. त्यांचे यजमान बँकेत.

"त्या यजमानांना कुणी विचारलं का, पेटी येते का म्हणून? बायकांच्या सभेला का येत नाही म्हणून? नाताळच्या देवदूतांना पंख शिवून द्या म्हणून? दुपारी पार्सोनेजला कुलूप असतं, कुणी हूं की चूं करत नाही. उलट म्हणतात, बिचारा, बायकोसाठी किती करतो! डबा घासतो म्हणे!"

हे ऐकल्यावर मला नव्या पाळकीणबाईंची, त्यांच्या स्कूटीची आणि बारीक क्रूसाची बाजू घ्यावीशी वाटू लागली. पण मावशींनी ती आधीच घेतलेली होती. तीही चारचौघांत.

झालं असं. रविवारी उपासनेनंतर पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक. विषयपत्रिकेवर गळकं छत, वॉचमनचा पगार आणि 'इतर विषय'. इतर विषयात खजिनदारांनी पार्सोनेजच्या कुलपाचा विषय काढला. मंडळीच्या काही बहिणींची भावना अशी आहे की पाळकीणबाईंनी नोकरीचा विचार करावा. मावशी कमिटीवर नाहीत, पण रिटायर झालेल्या शिक्षिकेला बैठकीतून बाहेर काढायची हिंमत कुणात असते? निम्मे सभासद त्यांच्याच वर्गातले. त्या उठल्या.

"मी म्हटलं, पाळकसाहेबांच्या नेमणुकीचं पत्र आहे, ते फाइलला असेल. बाईंच्या नेमणुकीचं पत्र कोणत्या तारखेचं आहे तेवढं वाचून दाखवा. खजिनदार म्हणाले, तसं पत्र नसतं बाई, ती परंपरा आहे. मी म्हटलं, बरं, परंपरेला प्रॉव्हिडंट फंड किती कापता?"

"मग?"

"मग काय, सगळ्यांना एकदम गळकं छत आठवलं."

"आणि पाळकसाहेब?"

"ते बिचारे खाली मान घालून बसलेले. बोलले तर बायकोची बाजू घेतली म्हणणार, न बोलले तर घरी जेवायला जायचंय."

ठराव झाला नाही. पण कुणीतरी शहाण्या बाईनं सुचवलं की बुधवारच्या घरप्रार्थनेनंतरचा चहा पार्सोनेजवर न टाकता पाळीपाळीनं करावा. आणि शब्बाथशाळेचे धाकटे वर्गही वाटून घ्यावेत. लगेच कागद फिरला. पहिला बुधवार कुणाचा? जिनं तोंड उघडलं तिचा. मावशींचे गुडघे दुखतात, तीस-चाळीस माणसांचा चहा करायला त्यांच्याकडे भांडं नाही, आणि तरी सही त्यांचीच पहिली. गणपतीत आम्ही आरतीनंतर वापरतो ती मोठी किटली त्यांनी माझ्याकडून त्याच संध्याकाळी नेली. तिला झाकण नाही हे मी सांगितलं. त्यांनी ताटली ठेवून काम भागवलं आणि वर मलाच ऐकवलं की निदान झाकण तरी सांभाळायचं.

पण खरी गंमत पुढंच आहे. बुधवारच्या दुसऱ्या दिवशी मावशी कुंपणाशी आल्या त्या काहीतरी ठरवूनच.

"तू आमच्या मंडळीतली नाहीस," त्या म्हणाल्या.

हे त्यांना इतक्या वर्षांनी का सांगावंसं वाटलं ते कळेना. मी म्हटलं, "नाही. का?"

"तुझ्याशी कुणी बोललं तर आमच्यात गट पडायचा प्रश्न नाही. तुझी नणंद आमच्या महिला संघात नाही, तुझा दीर कमिटीत नाही. तू अगदी बाहेरची."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला कासारीण करायचा बेत होता.

"शेंगा लागल्यात भरपूर," मावशी म्हणाल्या. "मी तिला सांगितलंय, पलीकडच्या फांद्यांच्या शेंगा शेजारणीकडून मागून घे. माझे हात पोचत नाहीत. संध्याकाळी ड्युटीवरून येताना थांबेल. चहा करशील ना? आणि हे बघ, मी तेव्हा घरात नसेन. भाजीला जाणार आहे."

त्या संध्याकाळी पाळकीणबाई आल्या. स्कूटी फाटकाशी लावली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. पस्तिशीच्या असतील. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले दिसत होते. आधी शेंगांबद्दल बोललो. मग सांबारात शेंगा घालाव्यात की पिठल्यात यावर. मग मी चहा आणला आणि त्या पायरीवर टेकल्या. 'जरा बसते' म्हणाल्या आणि बसल्याच. दिवेलागण झाली, डास चावायला लागले, मी ओडोमॉस आणून दिलं. ते लावून झाल्यावरही बोलणं संपलेलं नव्हतं. एकदा तर त्या एवढ्या जोरात हसल्या की स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मावशींच्या स्वयंपाकघरातला दिवा मात्र लागलेला होता, आणि भाजीला गेलेल्या माणसाच्या घरात कुकरच्या शिट्या होत नसतात.

बाई शेंगा न घेताच निघाल्या होत्या. मी धावत जाऊन स्कूटीच्या हुकाला पिशवी अडकवली.

फाटकाची कडी वाजून अर्धा मिनिटही झालं नसेल तोच मावशी कुंपणाशी.

"गेली?"

"गेल्या."

"बराच वेळ बसली."

"हो ना."

"काय काय म्हणाली?"

"काही नाही. शेंगा चांगल्या आहेत म्हणाल्या."

"एवढा वेळ? शेंगा?"

"पिठल्यात घालणार आहेत."

मावशींनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. वर्गातल्या खोटारड्या मुलीकडे बघावं तसं. "माझ्याबद्दल काही बोलली का?"

"मावशी, तुमच्या आईनं कासारणीला काय सांगितलं ते तुम्हाला कधी कळलं का?"

"नाही."

"मग."

"मेली वस्ताद आहेस," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि दोन मिनिटांनी परत येऊन म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तिला दुपारची ड्युटी आहे. सकाळी मोकळी असते. शेंगा संपल्या तरी कढीपत्ता आहेच."